नऊ नंबरच्या घरातली बाई

घराची किंमत कशी ठरते हे बुलडाण्यात कोणालाच ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे असं वाटतं ते प्लॉटची दलाली करतात.

देऊळघाटच्या रस्त्यावर, शहर जिथं संपतं तिथं, एका बिल्डरनं चौदा रो-हाउस बांधली. त्या दिवसांत बोललं जात होतं, की नवा मोठा रस्ता याच बाजूनं जाणार. कोण बोलतं हे कोणी विचारलं नाही. सगळेच बोलतात म्हटल्यावर विचारायचं कोणाला? भाव चढले. लोकांनी शेतात चुना टाकून प्लॉट पाडले आणि प्लॉटच्या भरवशावर गाड्या घेतल्या. पुढे रस्ता झालाही, चांगला झाला, फक्त दुसऱ्या बाजूनं झाला. भाव जे बसले ते काही केल्या उठेनात. चौदा घरांपैकी पाचांत माणसं राहायला आली, आठांत कबुतरं आली आणि नऊ नंबरवर बँकेची नोटीस आली. ते घर तारण ठेवून बिल्डरनं कर्ज काढलं होतं. हप्ते थकले तेव्हा त्यानं बँकेला मोठ्या मनानं सांगितलं, की घर आता तुमचंच समजा, आणि तो नाशिकला सासुरवाडीला निघून गेला. तब्येत सुधारली म्हणतात.

बँकेनं दाराला सील ठोकलं आणि पेपरात जाहिरात दिली. राखीव किंमत एकतीस लाख चाळीस हजार. लिलाव ऑनलाइन. मालमत्ता 'जशी आहे, जिथे आहे, जे काही आहे' या तत्त्वावर.

जाहिरात हिंमतरावानं वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

हिंमतराव मूळचा देऊळघाटचा. बुलडाण्याच्या भाजीबाजारात त्याचा गाळा. सकाळच्या हर्रासात, म्हणजे तोंडी लिलावात, शेतकऱ्यांकडून माल घ्यायचा आणि दिवसभर विकायचा. माल घेताना आधी त्याला नावं ठेवायची आणि मग हात लावायचा, हा त्या बाजाराचा शिरस्ता. पण हिंमतरावानं त्याची कला केली होती. तो भेंडीकडे अशा नजरेनं बघायचा, की भेंडीलाच आपल्या आयुष्याबद्दल शंका यावी. पन्नास रुपयांची मेथी तो वीस रुपयांत घ्यायचा, आणि विकणारा वर त्यालाच चहा पाजायचा.

बायको पुष्पाबाई गाळ्यावर त्याच्याच शेजारी बसायची. सतरा वर्षं दोघं भाड्याच्या घरात. आत्ताचा घरमालक पोराचं लग्न काढून बसला होता. त्यानं सांगितलं, अक्षय्य तृतीयेपर्यंत खोल्या मोकळ्या करा. त्या दिवशी पुष्पाबाईनं वांग्याचा ढीग लावता लावता निर्णय जाहीर केला.

"अर्पिताचे बाबा, आता भाड्याचं घर पाह्यचं नाई. पाह्यलं तं मी देऊळघाटले दिराकडे राहीन, तुमी गाळ्यावर झोपा."

"अवं पन—"

"पन नाई अन् बिन नाई. दोडके नीट लावा."

पुष्पाबाई एकदा बोलली की बाजार समितीलाही ठराव बदलता येत नसे. हिंमतरावाकडे सगळं मिळून तेवीस लाख होते. कागदपत्रांचा खर्च तेवढा वेगळा गाठीला बांधलेला. वर एक रुपया नाही. घर एकतीसला आणि खिसा तेवीसचा. दुसरा कोणी असता तर त्यानं खिसा वाढवायचा विचार केला असता. हिंमतरावानं घर उतरवायचं ठरवलं.

त्याची मुलगी अर्पिता ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं केंद्र चालवायची. तिनं समजावून सांगितलं, की लिलावाला कोणी आलं नाही तर बँक पुढच्या वेळी किंमत दहा टक्क्यांनी कमी करते.

"म्हंजे सकाळी चाळीस, दुपारी तीस, बजार उठतावक्ती घेऊन जा दहाले?"

"तसंच समजा, बाबा."

"मंग बँक अन् कोथिंबीरवाली एकच न वं! उगाच एवढे दिवस भेत होतो मी बँकेले."

पहिला लिलाव दिवाळीनंतर झाला. कोणी फिरकलं नाही. किंमत अठ्ठावीस लाख सव्वीस हजारांवर आली. हिंमतराव खूश होता. पण एक दिवस नऊ नंबरच्या कंपाउंडपाशी त्याला भगवानराव दिसला, हातात मोजायची टेप घेऊन.

भगवानराव जानेफळचा, प्लॉटचा दलाल. जानेफळच्या शिवारात त्याचे स्वतःचे छत्तीस प्लॉट होते. सहा वर्षांत त्यातला एक गेला होता, तोही मेहुण्याला. तरी चेहऱ्यावर तेजी कायम. पांढरे कपडे, कपाळाला टिळा आणि बोलण्यात सतत 'स्कीम'.

"काय भगवानराव, इकडे कसे?" हिंमतरावानं विचारलं.

"घर पाहून राह्यलो, भाऊ. बरं दिसते."

"बरं?" हिंमतरावानं भेंडीकडे बघायची ती नजर घराकडे टाकली. "दिसते बरं. पन उत्तरेकडून ओल हाय."

"मारू वॉटरप्रूफिंग."

"पाया खचला हाय."

"देऊ कॉलम."

हिंमतरावाची पंचाईत झाली. आजवर त्यानं नावं ठेवलेला माल मुका होता, शिवाय संध्याकाळपर्यंत सडणारा होता. घर सडत नव्हतं. तेव्हा त्याच्या तोंडून जे निघालं ते त्यानं आधी ठरवलं नव्हतं, असं तो आजही शपथेवर सांगतो.

"अन् दुपारी बारा वाजता आतमधी पैंजन वाजते," तो म्हणाला. "बाई हाय म्हनते लोक."

दुपारी बारा का, याचंही त्याच्याकडे उत्तर होतं. रात्रीचं भूत बघायला कोणी जात नाही, त्यामुळे त्याला साक्षीदार मिळत नाहीत. दुपारचं भूत मात्र जेवायच्या सुट्टीत बघून येता येतं.

भगवानरावानं टेप गुंडाळली. बाजारात परत येईपर्यंत हिंमतरावानं ही हकीकत आणखी दोन ठिकाणी सांगितली आणि मग तो निवांत झाला. बातमीचं आणि टमाट्याचं सारखंच. एकदा पेटीतून सुटलं, की पुढचं उताराच्या हाती.

संक्रांतीनंतरचा दुसरा लिलाव रिकामा गेला. होळीआधीचा तिसराही. पंचवीस लाख त्रेचाळीस हजार झाले होते, ते उतरून आता बावीस लाख एकोणनव्वद हजारांवर आले. मध्यंतरी हिंमतराव बँकेत जाऊन लिलावाचं काम बघणाऱ्या अश्वजित साहेबांनाही भेटून आला. साहेब तरुण, नियमाचे पक्के.

"साहेब, त्या घरात बाई हाय म्हनते. तुमच्या जाहिरातीत तं लिवलं नाई?"

"लिहिलंय," साहेब मान वर न करता म्हणाले. "'जे काही आहे' यात सगळं येतं."

चौथा लिलाव एप्रिलच्या शेवटी ठरला. बावीस एकोणनव्वद म्हणजे तेवीसच्या आत. हिंमतरावानं मनातल्या मनात घराला रंगसुद्धा दिला. आणि इथंच त्याचं गणित त्याच्या हातून सुटलं.

झालं असं, की आठ नंबरमध्ये संजीवनीताई राहायच्या. शेजारी भूत आहे हे कळल्यावर त्या आधी घाबरल्या, मग त्यांना सवय झाली आणि मग शेजारधर्म म्हणून त्यांनी एका मंगळवारी नऊ नंबरच्या फाटकाशी नारळ ठेवला. त्याच आठवड्यात त्यांच्या दारात बोअर मारला आणि दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं. उन्हाळ्याच्या तोंडावर, बुलडाण्यात, दोनशे दहा फुटांवर पाणी! एवढं चांगलं काम भूत कशाला करेल? भूत नाहीच ते. मायबाई आहे.

पुढच्या मंगळवारी फाटकाशी अकरा नारळ होते. त्याच्या पुढच्या मंगळवारी एकशे चार. कंपाउंडमधल्या कडुनिंबाला हिरव्या बांगड्या लटकल्या आणि भगवा झेंडा लागला. रोहिणखेडहून जीप भरून बाया आल्या. फाटकाबाहेर नारळाची तीन दुकानं लागली, आणि त्यांतल्या एका नारळवाल्यानं हिंमतरावाला त्यानंच उठवलेल्या बाईची कथा ऐकवली. त्यात पैंजण चांदीचे झाले होते.

मग फाटकाला एक पेटी आली. लोखंडी, कुलूपवाली, वर 'मायबाई देवस्थान'. ती कोणी लावली हे कोणाला माहीत नव्हतं, पण भगवानराव रोज तिच्याजवळ उभा राहायचा.

"भाऊ, तुमचे लय उपकार," तो हिंमतरावाला भेटल्यावर म्हणाला. "तुमीच मले बाईचं पयलं सांगतलं. आता हे घर मी घेतोच. मधी मंदिर, मांगं भक्तनिवास, बाजूले पार्किंग. स्कीम हाय. पस्तीसपर्यंत जाईन मी!"

हिंमतराव घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. पुष्पाबाई भाकरी थापत होती. त्यानं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, पैंजणाचंसुद्धा.

भाकरी थांबली.

"म्हंजे ते तुमी उठोलं?"

"हाव."

"अन् मी दोन मंगळवार उपास केला?"

"मले काय माहीत, तू—"

"अर्पिताचे बाबा, माल पाडाव, पन इतकाबी पाडू नाई का तो उलटून डोक्यावर बसन! वीस दिवसांनी घरमालक सामान बाहेर काढन. तेवीस लाखात आता त्या घराचं फाटकबी येनार नाई." तिनं भाकरी तव्यावर टाकली. उलटवली. मग म्हणाली, "अनामत भरायची शेवटची तारीख कोनती?"

"गुरुवार."

"मंगळवारी बाराले तिथं या. गर्दीत उभे राहा. अन् तोंड बंद ठेवा, जमलं तं."

मंगळवारी बाराला नऊ नंबरसमोर दोनशे-अडीचशे माणूस असेल. पुष्पाबाई हिरवा खण, नारळ, हळदकुंकू घेऊन आली, चपला दूर काढल्या, निंबाची ओटी भरली. हात जोडले. आणि मग तिचा अंबाडा सुटला.

कोणीतरी ओरडलं, "आली! आली! बाईच्या अंगात आली!"

पुष्पाबाई घुमू लागली. ढोलकीवाला नव्हता, तर एकानं पेटीच वाजवायला घेतली. भगवानराव हात जोडून पुढे आला.

"मायबाई, काय हुकूम?"

"मले इथं गुदमरते!" बाई बोलली. आवाज पुष्पाबाईचाच, पण गाळ्यावर मापात खोट सापडली की लागतो तो. "दाराले सील! भिंतीले नोटीस! माह्या उरावर बँकेचा कागद चिटकवला बे तुमी!"

ज्यांनी चपला काढल्या नव्हत्या त्यांनी त्या काढल्या.

"मी इथं राहत नाई. मी चालली."

गर्दीत हाहाकार उडाला. संजीवनीताई पुढे धावल्या. "बाई, अन् माह्या बोअरचं पानी?"

"पानी राहीन. मोटर जपून चालव."

"मंग बाई, जाता कुठं तुमी?" भगवानरावानं विचारलं.

"जानेफळले. मोकळं रान हाय, छत्तीस प्लॉटचे दगड गाडले हायेत, अन् एकाबी दगडावर दिवा लागला नाई. तिथं मले ने."

भगवानरावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. सहा वर्षं जे छत्तीस प्लॉट त्यानं पावसाळी सवलतीत, दिवाळी सवलतीत, एकावर बकेट मोफत अशा सगळ्या पद्धतींनी विकून पाहिले, त्यांचा पत्ता साक्षात देवीच्या तोंडी होता.

"कोन... कोनत्या प्लॉटवर, बाई?"

"कोपऱ्याच्या."

"कोपऱ्याचा मेहुन्याच्या नावावर हाय, बाई."

"मेहुन्याले सांग मंग."

"तो आयकत नाई, बाई. लय हलकट हाय."

"बरं," बाई म्हणाली, "त्याच्या बाजूचा दे."

देवीनं इतक्या लवकर उतरावं हे गर्दीत उभ्या हिंमतरावाला पटलं नाही. आणखी ताणलं असतं तर दोन प्लॉट सुटले असते. पण त्याचं हे मनात चाललं असतानाच बाई गर्रकन त्याच्याकडे वळली.

"अन् तू! पांढऱ्या टोपीच्या! इकडे ये!"

हिंमतरावानं मागे वळून पाहिलं. मागं टोपीवाला कोणी नव्हता. तो पुढे आला.

"दुसऱ्याच्या चिजेले नावं ठेवून पोट भरतं तू. सतरा वर्सं जे तुह्या बाजूले गाळ्यावर बसली, तिच्या नावावर काय हाय रे?"

हिंमतरावानं प्रामाणिकपणे विचार केला. अडीचशे माणसं त्याच्याबरोबर विचार करत थांबली.

"रेशन कारडात नाव हाय, बाई," तो म्हणाला.

बाया हसल्या. बाई हसली नाही.

"जे घर घेशीन ते तिच्या नावानं घे. घेशीन का नाई?"

"हाव, बाई."

"मले आयकू आलं नाई."

"हाव, बाई!" तो ओरडला, आणि अडीचशे साक्षीदारांसमोर स्वतःच्या बायकोच्या पाया पडला.

त्याच दुपारी पेटी, झेंडा आणि तिन्ही नारळवाले जानेफळच्या रस्त्याला लागले. सगळ्यांत पुढे भगवानरावाची गाडी होती.

संध्याकाळी घरी हिंमतरावाला राहवेना. "पुष्पे, काय नाटक केलं वं तू! मले तं काटा आला अंगावर."

"कोनतं नाटक?" पुष्पाबाई लसूण सोलत होती.

"अवं, दुपारचं!"

"मले काई आठोत नाई," ती म्हणाली. "पाय लय दुखून राह्यले तेवढे. बाई काई बोलली का?"

हिंमतरावानं तिला निरखून पाहिलं. आयुष्यभर त्यानं माल बघूनच ओळखला होता, आत काय आहे ते फोडून बघायची वेळ कधी आली नव्हती. "तुह्या नावानं घर घ्यायले सांगतलं," तो म्हणाला.

"मंग घ्या. देवाचं मोडू नाई."

अर्पितानं बुधवारी आईच्या नावानं अनामत भरली. बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं, हे तिनं बाबांना सांगितलं. त्यामुळे त्यांची झोप थोडी बरी झाली.

लिलावाची वेळ अकरा ते बारा. अर्पिताच्या केंद्रात हिंमतराव कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसला. पुष्पाबाई गाळ्यावर होती. गिऱ्हाईक सोडून लिलाव बघायला यायचं तिला कारण दिसत नव्हतं. भगवानरावानं अनामत भरलीच नव्हती. दुसरा कोणी बोलीवाला नव्हता. पडद्यावर एकटी पुष्पाबाई आणि समोर बावीस लाख एकोणनव्वद हजार.

"बाबा, आपल्याले दहा हजार वर टाकावे लागतीन. बावीस नव्व्याण्णव. टाकू?"

"वर?" हिंमतराव दचकला. "वर कायले? पंधरा लाख टाक."

"पंधरा घेत नाई ते."

"टाकून तं पाहाय."

अर्पितानं टाकून पाहिलं. रकाना लाल झाला.

"अठरा टाक. जास्त हावरटपना करू नाई म्हना बँकेले."

रकाना पुन्हा लाल. साडेअकरा झाले. हिंमतरावानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मागितल्यापेक्षा जास्त दाम त्यानं जन्मात कधी दिला नव्हता; त्याच्या बापानं दिला नव्हता. ही गोष्ट उद्या बाजारात कळली असती, तर पालकाची जुडीसुद्धा त्याला कोणी कमी भावात दिली नसती. त्यानं अश्वजित साहेबांना फोन लावला.

"साहेब, दुसरं गिऱ्हाईक नाई न?"

"नाही."

"मंग मी वर जाऊ कोनाच्या? रिकाम्या हर्रासात मानूस सोताच्याच बोलीवर चढते का?"

"राखीव किमतीवर किमान दहा हजार. नियम आहे."

"साहेब, हे दहा हजार सोडा. मी तुमाले आंबे धाडतो. हापूस नाई, गावरान हायेत, पन—"

साहेबांनी फोन ठेवला. पावणेबारा. अर्पितानं विनवण्या केल्या, मग ती रडकुंडीला आली, मग चिडली. "बाबा, दहा हजारासाठी घर घालवता का? मशीनले तोंड नाई, ते तुमच्याशी घासाघीस करनार नाई!"

"दहा हजाराचं नाई, बेटा," हिंमतराव कासावीस होऊन म्हणाला. "हात उठत नाई माहा."

हे खरं होतं. त्याचा हात माउसवर होता आणि उठत नव्हता. बारा वाजायला सात मिनिटं असताना अर्पितानं आईला फोन केला. बाजार चार मिनिटांच्या अंतरावर आहे. पुष्पाबाई ते तीन मिनिटांत आली, पदर खोचलेला, हात कोथिंबिरीच्या पाण्यानं ओले.

"काय चाललं?"

"आई, बाबा वर टाकू देत नाईत."

पुष्पाबाईनं पडद्याकडे पाहिलं. "इथं नाव कोनाचं हाय?"

"तुझं."

"मंग हे कोन बसले मधी?"

हिंमतराव खुर्चीवरून उठला. अर्पितानं आकडा भरला. कोणतं बटण ते विचारून पुष्पाबाईनं ओल्या बोटानं माउस दाबला. एकदा दाबून भागेना, म्हणून दोनदा दाबला. हिंमतरावानं डोळे मिटून घेतले.

बारा वाजले. पडद्यावर हिरव्या अक्षरात आलं: यशस्वी बोलीदार, पुष्पाबाई हिंमतराव.

"झालं?" पुष्पाबाईनं विचारलं. "मंग मी जाते. गाळा उघडा टाकून आली."

पुढचं सगळं रीतसर झालं. पैसे भरले, कागद झाले. इकडे जानेफळला बाईची स्थापना झाली आणि भगवानरावाचे पंधरा दिवसांत नऊ प्लॉट गेले. मेहुणा कोपऱ्याच्या प्लॉटचे दुप्पट मागतो म्हणतात. घरमालकानं सामान बाहेर काढायच्या दोन दिवस आधी अश्वजित साहेब नऊ नंबरवर आले, सील तोडलं आणि ताब्याच्या कागदावर पुष्पाबाईची सही घेतली.

"घर रिकामं आहे, बघून घ्या," ते किल्ली देत म्हणाले. पण जाताना त्यांनी निंबाला हळूच हात जोडले, हे हिंमतरावानं पाहिलं.

पुष्पाबाई आधी आत गेली. धुळीवर तिच्या पावलांचे ठसे उमटत गेले. तिनं एकेक खोली पाहिली, खिडक्या उघडल्या आणि मग हॉलच्या मधोमध, उघड्या फरशीवर, पाय पसरून बसली. हिंमतराव मागोमाग आला. त्यानं छताकडे पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं, दाराची चौकट दोन बोटांनी टिचकी मारून पाहिली आणि तोंड उघडलं.

"काई बोलू नका," पुष्पाबाई म्हणाली. "पाच मिन्टं."

हिंमतराव तिच्या शेजारी बसला. साडेचार मिनिटं तो काहीही बोलला नाही.